प्रवेश परीक्षा, पर्सेंटाइल आणि आपली मुले : कोल्हापुरातील पालक-विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर प्रवेशाच्या हंगामात पालक आणि विद्यार्थी घरी येतात, फोन करतात, कधी बाजारात भाजी घेताना थांबवून विचारतात. बारावीचा शेवटचा पेपर झाला की हे प्रश्न सुरू होतात आणि ऑगस्ट उलटेपर्यंत चालतात. त्यांत माहितीची विचारणा असते, पण त्याहून अधिक असतो तो मनस्ताप. दोन वर्षे राबलेल्या मुलाच्या हाती एक दशांश चिन्हाचा आकडा येतो आणि तो आकडा कुठून आला हे घरात कोणालाच कळत नाही. ही उत्तरे त्या सगळ्यांसाठी एकत्र लिहिली आहेत.

बारावीला ८८ टक्के मिळाले आणि सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, ७१ पर्सेंटाइल. इतका फरक कसा पडतो? मुलाने अभ्यास केला नाही असे समजायचे का?

नाही, तसे मुळीच समजू नये. हे दोन आकडे एका मापाचे नाहीत, म्हणून त्यांची वजाबाकीच करता येत नाही. टक्के म्हणजे शंभरापैकी किती गुण मिळाले याचा हिशेब. पर्सेंटाइल म्हणजे सोबत परीक्षा दिलेल्या शंभर जणांपैकी किती जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, याचा हिशेब. ७१ पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाला २०० पैकी १४२ गुण मिळाले असे नव्हे. त्याचे प्रत्यक्ष गुण त्याहून बरेच कमी असू शकतात आणि तरीही शंभरांतले ७१ जण त्याच्या बरोबरीचे किंवा मागे असतात.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या स्वरूपाची. बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला तीन तास आणि ७० गुण असतात. सूत्र सिद्ध करून दाखवावे लागते, आकृती काढावी लागते आणि पायरीपायरीला गुण मिळतात. शेवटचे उत्तर चुकले तरी वाट बरोबर असेल तर परीक्षक काही गुण देतो. प्रात्यक्षिकाचे ३० गुण वेगळे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. जीवशास्त्राचेही गणित हेच. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. तिथे वाटेला काहीच किंमत नाही, फक्त मुक्कामाला आहे. जो मुलगा शांतपणे, नीट लिहून विचार करतो त्याला बोर्डाची पद्धत न्याय देते आणि सीईटीची पद्धत देत नाही. त्यात त्याचा दोष नाही, पण प्रवेश याच आकड्यावर होतो, हे मात्र त्याला अकरावीतच सांगितले पाहिजे. आपण ते बारावीच्या दिवाळीनंतर सांगतो.

अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरले जात नाहीत. त्यांचे काम पात्रतेपुरते, म्हणजे संबंधित विषयांत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटांना ४० टक्के, इतकेच राहिले आहे. २०१४ आणि २०१५ साली राज्यात जेईई मेन ही अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा आणि बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरून प्रवेश झाले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. घरात थोरल्या भावाच्या वेळचा नियम वेगळा आणि धाकट्या बहिणीच्या वेळचा वेगळा असे ज्यांच्याकडे झाले, त्या पालकांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

पर्सेंटाइल नेमके कसे काढतात?

आपल्या सत्रात, म्हणजे शिफ्टमध्ये, जितक्या विद्यार्थ्यांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत त्यांची संख्या घ्यायची, तिला त्या सत्रातील एकूण विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा एका सत्राला २०,००० विद्यार्थी बसले आणि आपल्याइतके किंवा कमी गुण असलेले १९,००० आहेत, तर आपले पर्सेंटाइल ९५. बरोबरीचे प्रसंग टाळण्यासाठी ते दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात.

एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तिने बऱ्याच गैरसमजांचा निकाल लागतो. भौतिक, रसायन, गणित या गटाला २०२५ साली राज्यभरातून चार लाखांहून अधिक नोंदणी झाली होती. चार लाख धरले तरी एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार विद्यार्थी आणि शतांश पर्सेंटाइल म्हणजे चाळीस. म्हणून ९८.९ आणि ९९.१ या आकड्यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, पण रांगेत मध्ये आठशे मुले उभी असतात. तसेच एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून स्वतंत्र काढले जाते, त्यामुळे घरी केलेली बेरीज निकालाशी जुळली नाही म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही.

माझ्या मुलीची शिफ्ट फार अवघड होती. मैत्रिणीच्या शिफ्टला सोपे प्रश्न आले. हा अन्याय नाही का?

२०१९ पासून सीईटी संगणकावर होते आणि सगळ्यांना एकाच वेळी बसवणे शक्य नसल्याने ती अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून अवघडपणाही थोडाफार वेगळा असणारच. पर्सेंटाइलची पद्धत त्यासाठीच आणली. अवघड सत्रात सगळ्यांचेच गुण घसरतात, त्यामुळे कमी गुणांवरही तितकेच पर्सेंटाइल मिळते. तिची तुलना तिच्याच सत्रातल्या मुलांशी होते, मैत्रिणीच्या सत्राशी नाही. तेव्हा केवळ पेपर अवघड होता एवढ्यावरून नुकसान झाले असे म्हणता येत नाही.

तरीही ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे. प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्यांचा समूह सरासरीने सारख्याच तयारीचा असतो, असे ती मानते. मुले सत्रांत सरमिसळ वाटली आणि संख्या मोठी असली तर हे बहुतेक खरे ठरते. संख्या लहान असली तर तितके खरे ठरत नाही. शिवाय पेपर अवघड असणे वेगळे आणि चुकीचा असणे वेगळे. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. जो मुलगा प्रश्न बरोबर सोडवत होता त्यालाच आपले उत्तर पर्यायांत सापडत नव्हते. तो पुन्हा सोडवत बसला आणि त्याची मिनिटे गेली, तर ज्याला काहीच येत नव्हते त्याने एक पर्याय निवडला आणि तो पुढे गेला. इथे पर्सेंटाइल कोणालाही वाचवू शकत नव्हते. सीईटी कक्षाने त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घेतली. निर्णय योग्य होता, पण परीक्षा संपली म्हणून ज्या मुलांनी पुस्तके बांधून ठेवली होती त्यांना आठच दिवसांनी पुन्हा त्याच ताणात बसावे लागले, याची भरपाई कोणत्याही सूत्रात होत नाही.

उत्तरतालिकेत चूक आहे अशी खात्री असेल तर काय करावे?

आक्षेप नोंदवावा, आणि मुदतीत नोंदवावा, कारण ही मुदत थोड्या दिवसांची असते. प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते. सीईटीला अलीकडच्या वर्षांत ते १००० रुपये आहे, तर वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची नीट आणि जेईई यांसाठी २०० रुपये. राज्याच्या परीक्षेचे शुल्क देशाच्या परीक्षेच्या पाचपट असावे हे मला कधीच पटलेले नाही. शेतमजुराच्या मुलीला चार प्रश्नांबद्दल शंका असेल तर तिने चार हजार रुपये कुठून आणायचे? चूक दाखवणे हा उमेदवाराचा हक्क आहे आणि त्याला किंमत लावायचीच असेल तर ती परवडेल एवढी हवी.

तोवर व्यवहारी मार्ग असा : आक्षेप घेण्यापूर्वी तो प्रश्न आपल्या विषयशिक्षकांना दाखवा, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील नेमके पान आधार म्हणून जोडा, आणि केवळ वाटते म्हणून पैसे घालू नका.

मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. त्याला प्रश्नच नीट कळला नाही असे तो म्हणतो. हे कारण आहे की सबब?

हे कारण आहे, आणि ग्रामीण भागात ते फार मोठे आहे. आपल्याकडे बहुतेक मुलांचे विज्ञान अकरावीत एकदम इंग्रजीत सुरू होते. सेमी इंग्रजीतून आलेल्यांना निदान संज्ञा ओळखीच्या असतात. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाला ‘त्वरण’ ठाऊक असते, पण ‘ॲक्सिलरेशन’ म्हणजे तेच, हे मनात उलथापालथ करून समजून घ्यावे लागते. बोर्डाच्या पेपरला ती उलथापालथ करायला वेळ असतो. ५४ सेकंदांत तो नसतो. वर्गात तोंडी उत्तम उत्तरे देणारी मुले कागदावरचा लांब इंग्रजी प्रश्न दोनदा वाचताना मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटले आहे की इथे भौतिकशास्त्राची परीक्षा होतच नाही.

सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पेपर मराठीतून घेता येतात. गणित मात्र फक्त इंग्रजीत असते. नीट मराठीसह १३ भाषांत होते आणि प्रादेशिक भाषेच्या पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही शेजारी असतो. भाषांतरात मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. जेईई मेन २०२१ पासून मराठीत उपलब्ध आहे. तरी दोन वर्षे इंग्रजीत शिकून परीक्षा मराठीत देणे बहुतेकांना अवघड जाते, कारण तोवर मराठी संज्ञा सुटलेल्या असतात. माझा सल्ला असा की माध्यम फॉर्म भरताना ठरवू नये. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत दोन्ही भाषांतले काही प्रश्नसंच घड्याळ लावून सोडवावेत आणि जिथे वाचायला कमी वेळ लागतो ती भाषा घ्यावी. इंग्रजी घ्यायची ठरली तर दोन्ही भाषांतील संज्ञांची एक वही करावी. दोनशे पानी वहीत दोन्ही वर्षांच्या संज्ञा मावतात.

सीईटी, जेईई आणि नीट अशा तिन्ही परीक्षा द्याव्यात का? एखादी तरी लागेल.

या विचारानेच कित्येक मुलांची दोन वर्षे विस्कटतात. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, त्यात अकरावीचा भाग सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. नीट आणि जेईईत अकरावीलाही बारावीइतकेच वजन असते आणि तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते. जेईई मेनला ७५ प्रश्न, तीन तास आणि ३०० गुण, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटे, पण प्रश्न अनेक संकल्पना गुंफलेले. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण. एकीकडे खोल विचार लागतो, तर दुसरीकडे वेग आणि पाठांतर. दोन्ही सवयी एकाच वेळी लावून घेणे फार थोड्यांना जमते.

अभियांत्रिकीकडे जायचे आणि महाराष्ट्रातच शिकायचे असेल तर सीईटी मुख्य धरावी. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद ही आपल्या भागातील मुलांची जुनी स्वप्ने आहेत आणि तिथल्या बहुसंख्य जागा सीईटीवरच भरतात. जेईई मेनवर अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा असतात. वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक यांना नीटशिवाय वाट नाही. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन ‘बघू पुढे’ म्हणणाऱ्या मुलांना मी दिवाळीपर्यंतची मुदत देतो.

उत्तर येत नसेल तर अंदाजाने गोल काळा करावा का?

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडणे म्हणजे निव्वळ तोटा. वेळ संपायच्या आधीची दोन मिनिटे उरलेल्या प्रश्नांवर टिचक्या मारण्यासाठी राखून ठेवावीत.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. इथे शिक्षक सरसकट ‘अंदाज करू नका’ असे सांगतात, पण गणित करून पाहा. चारांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरीने मिळतात पाव गुण. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळत असेल तर उरलेल्या तिघांत सरासरी फायदा दोन तृतीयांश गुणाचा. दोन पर्याय बाद झाले तर दीड गुणाचा. तेव्हा निदान एक पर्याय खात्रीने बाद करता येत असेल तर उत्तर द्यावे. अगदीच अनोळखी प्रश्नाला मात्र मी सोडून द्यायला सांगतो, कारण पाव गुणाची सरासरी दहा-बारा प्रश्नांत हमखास हाती येत नाही आणि दैव फिरले तर दहा गुण उलटे जातात.

क्लास लावलाच पाहिजे का? ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयात घालावे का?

कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतून एक फेरी मारली तर चौकाचौकांत हसऱ्या मुलांच्या छायाचित्रांचे फलक दिसतात. त्यांवर यशस्वी मुलांचे आकडे असतात. किती जणांनी प्रवेश घेतला होता तो आकडा मात्र नसतो. पालकांनी सर्वप्रथम तोच विचारावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम, किती काळ घेतला हे जाहिरातीत सांगणे त्यांनुसार अपेक्षित आहे.

चांगला क्लास उपयोगी पडतो, हे मी नाकारत नाही. वेगाचा सराव, वेळ लावून चाचण्या आणि चुकांची चिकित्सा या गोष्टी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी करायला हव्या होत्या. आम्ही त्या पुरेशा केल्या नाहीत, म्हणून क्लास वाढले. हे मी शिक्षक म्हणून लिहितो आहे. पण इंटिग्रेटेड पद्धतीत, म्हणजे महाविद्यालय आणि क्लास एकत्र चालवतात तिथे, महाविद्यालय फक्त पटापुरते उरते. प्रयोगशाळेत न शिरलेला मुलगा बारावीचे प्रात्यक्षिक देतो, आणि भिंगाची नाभी प्रत्यक्ष कधीही न पाहता तिच्यावरचे चाळीस प्रश्न सोडवतो. असे शिकलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला अडखळतो, कारण तिथे पर्याय दिलेले नसतात.

पैसे भरण्याआधी शुल्क परतीचा नियम लेखी मागा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करणे आणि १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश न देणे अपेक्षित आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यामुळे पावती आणि लेखी अटी जवळ असतील तरच भांडता येते. माझ्या एका नातेवाइकाने मुलाच्या क्लासचे दोन्ही वर्षांचे शुल्क एकदम भरले. मुलगा तीन महिन्यांत आजारी पडून घरी आला आणि एक रुपयाही परत मिळाला नाही, कारण हातात कागद नव्हता.

खर्च झेपत नसेल तर इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी राज्याची महाज्योती संस्था सीईटी, जेईई आणि नीटचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅबलेट देते. आयआयटी कानपूरच्या साहाय्याने चालणारे केंद्राचे ‘साथी’ हे संकेतस्थळ सर्वांसाठी मोफत आहे.

आम्ही चंदगड तालुक्यात राहतो. परीक्षेचे केंद्र इतके लांब का?

संगणकावरची परीक्षा घ्यायला एका जागी शेकडो संगणक, सलग वीज आणि भरवशाचे इंटरनेट लागते. ते प्रामुख्याने कोल्हापूर शहराच्या आसपासच्या मोठ्या महाविद्यालयांत मिळते. कारण समजते, पण त्याचा भार कोणावर पडतो तेही पाहा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरपेक्षा अधिक आहे, बेळगाव त्याहून कितीतरी जवळ. सकाळच्या सत्राला साडेसातच्या सुमारास हजर व्हायचे तर पहाटे तीनला निघावे लागते किंवा आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, भुदरगड इथल्या मुलांचीही गत फारशी वेगळी नाही. राजारामपुरीतला मुलगा झोप पुरी करून, घरचा चहा घेऊन येतो आणि दाजीपूरच्या बाजूची मुलगी घाटातून जागत येते, आणि मग दोघांना ५४ सेकंदांचा एकच नियम लागतो.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. खेड्यातला मुलगा शिकायला आला तर राहील कुठे, जेवेल काय, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. आजच्या मुलाला एक रात्र हवी आहे. शहरातील जुन्या बोर्डिंगांनी परीक्षेच्या दिवसांत दोन खोल्या तालुक्यातील मुलांसाठी उघडल्या तर फार मोठे काम होईल, अशी माझी त्यांच्या विश्वस्तांना मनापासून विनंती आहे. तोवर पालकांनी केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे. शहराबाहेरच्या केंद्रांपर्यंत सकाळी लवकर बस मिळेलच असे नाही.

बीबीए, बीसीएलाही सीईटी कशासाठी?

२०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांना प्रवेश परीक्षा लागू केली. बातमी खेड्यापर्यंत पोहोचेपर्यंत फॉर्मची तारीख निघून गेली होती, म्हणून त्याच वर्षी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली, आणि तरीही अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहिल्या. उमेदवार जास्त आणि जागा कमी असतील तिथे चाळणी समजू शकते. जागा रिकाम्या राहत असतील तिथे तीच परीक्षा केवळ अडसर ठरते.

नीटचा २०२४ चा गोंधळ पाहिल्यावर या परीक्षांवर विश्वास कसा ठेवायचा?

५ मे २०२४ च्या नीटचा निकाल ४ जूनला लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वेळ वाया गेल्याच्या कारणावरून १५६३ उमेदवारांना वाढीव गुण दिल्याचे पुढे आले, ते रद्द करून २३ जूनला त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. एका प्रश्नाचे उत्तर बदलल्याने सुधारित यादीत पूर्ण गुणांचे १७ जण उरले. काही ठिकाणी पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण फूट देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. दरम्यान २१ जूनपासून पेपरफुटीविरोधी केंद्रीय कायदा लागू झाला. त्यात संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे.

त्या जूनमध्ये ६२० गुण मिळालेला एक मुलगा माझ्यासमोर बसून होता. आधीच्या वर्षी त्या गुणांना शासकीय महाविद्यालय मिळाले असते. त्याला काय सांगावे हे मला सुचले नाही, आणि विश्वास ठेव असे तर मी म्हणूच शकलो नाही. मी एवढेच म्हणालो की तुझे ६२० खरे आहेत. विश्वास परत मिळवण्याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्यांची आहे, मुलांची नव्हे.

मग या परीक्षा रद्दच का करू नयेत?

हा प्रश्न मी स्वतःलाही अनेकदा विचारला आहे. तमिळनाडूने २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. नीट आल्यानंतर वैद्यकीय प्रवेशांत ग्रामीण, सरकारी शाळांतील आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचे प्रमाण घटले, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्या वर्गातले चित्र पाहता मला तो ओळखीचा वाटतो.

पण परीक्षांपूर्वीचा काळही ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे की तेव्हा सगळे सुरळीत नव्हते. देणग्यांचा बाजार इतका वाढला होता की १९८७ साली महाराष्ट्राला कॅपिटेशन शुल्काविरुद्ध कायदा करावा लागला. खासगी संस्थांच्या वेगवेगळ्या परीक्षांसाठी मुले पुणे-मुंबई-बंगळूर अशी फिरत. केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश म्हटले की कॉपीची केंद्रे फुगत. एका समान परीक्षेमुळे वशिल्याला आणि पैशाला काही प्रमाणात आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून माझे म्हणणे रद्द करा असे नाही. बारावीच्या गुणांना पुन्हा काही वजन द्या म्हणजे वर्ग आणि प्रयोगशाळा जिवंत राहतील. गणिताचा पेपर मराठीतही द्या. तालुक्याला निदान एक केंद्र द्या. आणि एकाच दिवसावर सगळे ठरू देऊ नका. यातले शेवटचे काही अंशी होऊ लागले आहे : जेईई मेन २०१९ पासून वर्षातून निदान दोनदा होते आणि सीईटीही २०२६ पासून दोनदा घेण्याचे राज्याने जाहीर केले.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

नीट आणि सीईटीला प्रयत्नांची मर्यादा नाही. आयआयटी प्रवेशाची जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. पण निर्णय नियमावरून घेऊ नये. गुण कमी का पडले हे नेमके सांगता येत असेल, उदाहरणार्थ आजारपण, अकरावी मागे पडणे किंवा वेगाचा सराव नसणे, आणि थांबण्याची इच्छा मुलाची स्वतःची असेल तर एक वर्ष द्यावे. शेजाऱ्याचा मुलगा थांबून डॉक्टर झाला म्हणून थांबवू नये. तिसऱ्या वर्षाला मी सहसा होकार देत नाही.

निकालानंतर मुलगी खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही. काय करू?

प्रवेशाचे सगळे बोलणे काही दिवस बंद करा आणि तिच्याजवळ बसा. ‘तुझ्यासाठी किती खर्च केला’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. झोप, जेवण आणि बोलणे सुटलेले असेल, किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलणे येत असेल तर वाट पाहू नका. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येते. कोल्हापुरातील सीपीआर या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. ताप आला तर आपण लाजत नाही, इथेही लाजू नये.

गुण चांगले असूनही कागदपत्रांमुळे जागा गेली, असे का होते?

दरवर्षी होते आणि दरवर्षी टाळता येण्यासारखे असते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच पडताळणी समितीकडे अर्ज करा. नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्न आणि अधिवास दाखले जूनच्या गर्दीआधी सेतूतून काढा. प्रत्येक कागदावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का ते पाहा. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचा, ऑप्शन फॉर्म कटऑफच्या भीतीने भरू नका, खऱ्या पसंतीच्या क्रमाने भरा, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि याच दिवसांत पंचगंगेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये कितीतरी गावांचा रस्ता, वीज आणि नेटवर्क एकदमच गेले होते. शिरोळ, करवीर आणि हातकणंगलेच्या नदीकाठच्या पालकांनी मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवावेत आणि स्कॅन केलेली प्रत शहरातील एखाद्या नातेवाइकाकडे देऊन ठेवावी.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फी ऐकूनच मुलीचा ऑप्शन फॉर्म न भरणारी घरे मी अजूनही पाहतो.

प्रवेश परीक्षा न देता चांगले शिक्षण मिळते का?

मिळते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका करणाऱ्याला तिच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. औषधनिर्माणाच्या पदवीला सीईटी लागते, पदविकेला लागत नाही. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, गणित, वनस्पतिशास्त्र असे विषय घेऊन बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. ज्या मुलाला सूत्र सिद्ध करण्यात आनंद वाटतो, पण ५४ सेकंदांत पर्याय निवडायला जमत नाही, त्याला मी बी.एस्सी.चा फॉर्म आणायला सांगतो, आणि तो भरताना त्याच्या वडिलांनाही सोबत बसवतो.